कॅथलिक प्राथमिक शाळेत तिसरीचा एक आठवडा: आखणी कुठून सुरू करायची, कुठे चुकते

नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकांच्या टाचण वह्या दर शनिवारी माझ्याकडे येतात. अक्षर सुरेख असतं, सगळे रकाने भरलेले असतात, आणि तरी बुधवारपर्यंत आठवडा कोलमडलेला असतो. पाठ राहून गेलेले, गणिताचा सराव ‘वेळेअभावी’ पुढे ढकललेला, आणि धर्मशिक्षणाच्या तासिकेसमोर एवढंच: ‘बोधकथा सांगितली’.

चूक जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी असते. वेळापत्रकावर छापलेल्या तासिका खऱ्या धरल्या जातात. आपल्या शाळांत त्या खऱ्या नसतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) असते, गाण्यांचा सराव असतो, सणाची तयारी असते, आणि त्याच जोडीला सरकारी शाळांसारखेच तपासण्या, दिन-विशेष आणि पोषण आहार असतो. म्हणून आधी हातात काय उरतं ते मोजायचं आणि मग आखायचं. बाकी सगळं यामागून येतं.

खाली दिलेला आठवडा वसईतल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेतल्या तिसरीचा आहे. वर्गात ४० मुलं आहेत, त्यातली निम्मी कॅथलिक घरची. महिना सप्टेंबरचा, घटक पाण्याचा. तुमची इयत्ता वेगळी असली तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: आदल्या गुरुवारी खरे तास मोजा

शुक्रवारी नको, गुरुवारीच. शुक्रवारी काही विचारायचं राहिलं तर मुख्याध्यापिका भेटत नाहीत आणि फादरही धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या कामांत, अडकलेले असतात.

आमच्याकडे ३५ मिनिटांच्या तासिका आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी ५, म्हणजे ४५. कागदावर त्यांची वाटणी अशी: मराठी १२, गणित ९, इंग्रजी ६, परिसर अभ्यास ५, कला व कार्यानुभव ६, शारीरिक शिक्षण ३, धर्मशिक्षण किंवा मूल्यशिक्षण ३, वाचनालय १.

आता वजाबाकी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या शुक्रवारची मिस्सा असते (२ तासिका) आणि ५ तारखेचा शिक्षक दिन (२). शिवाय ८ सप्टेंबरला येशूची आई मरिया हिचा जन्मदिन असल्यामुळे गाण्यांचा सराव होतो (२). गेल्या सहा. उरल्या ३९, त्याही गणपतीची सुट्टी मध्ये आली नाही तर.

या सहा तासिका कोणत्या विषयाच्या गेल्या ते नावानिशी लिहा. सराव नेहमी तिसऱ्या-चौथ्या तासिकेला ठेवला जातो आणि तिथे बहुतेक वर्गांत गणित असतं. महिनाभर असंच चाललं की गणिताच्या सात-आठ तासिका कुणाच्या लक्षात न येता जातात. मग सहामाहीत मुलं हातच्याच्या वजाबाकीत अडखळतात आणि आपण म्हणतो, मुलांचं लक्ष नाही.

तपासून पाहा: गेलेली प्रत्येक गणिताची किंवा भाषेची तासिका त्याच आठवड्यात कुठे भरून निघणार, हे वहीत लिहिलं आहे का? कार्यानुभवातली एक उचलता येते. खेळाची उचलू नका. तिसरीची मुलं खेळाशिवाय दुपारी बसत नाहीत.

## टप्पा २: एक घटक निवडा आणि तो किती विषयांत खरोखर बसतो ते पाहा

पाणी हा घटक घेतला की सगळे विषय त्यात कोंबण्याचा मोह होतो. इंग्रजीत पाणी, चित्रकलेत पाणी, कवायतीत पाणी. असं करू नका. जिथे घटक आपसूक बसतो तेवढेच विषय जोडा. आमचे चार बसले:

- परिसर अभ्यास: आपल्या गावात पाणी कुठून येतं. विहीर, नळ, टँकर, बावखल (वसईकडचं गोड्या पाण्याचं तळं).
- गणित: लिटर आणि मिलिलिटर.
- मराठी: पाहिलेल्या जागेचं वर्णन.
- धर्मशिक्षण: काना गावचं लग्न. बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातले ते पाण्याचे सहा दगडी रांजण. येशू ते नोकरांकडून भरून घेतो आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो.

इंग्रजी आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे वेगळं चालू राहिलं आणि त्याने काही बिघडलं नाही.

प्रत्येक विषयापुढे एकच वाक्य लिहा: शनिवारी मुलाला काय करता आलं पाहिजे. ‘पाण्याचे महत्त्व समजेल’ हे उद्दिष्ट नव्हे, ते तपासताच येत नाही. ‘घरातल्या तीन भांड्यांत किती पाणी मावेल याचा अंदाज करून मोजून दाखवेल’ हे तपासता येतं.

## टप्पा ३: मुलांची विभागणी आणि पालकांची संमती

या टप्प्यावर सगळ्यात जास्त शाळा गाफील असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार, शासनमान्य किंवा शासनाचं अनुदान घेणाऱ्या शाळेतल्या अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. संमती लेखी घ्या, जूनमध्येच घ्या आणि वर्गशिक्षिकेच्या फाइलमध्ये ठेवा. २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने शाळांना दिलेल्या सूचनांतही हेच आहे की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नयेत. परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका वाचावी असंही त्यात म्हटलं आहे.

दुसरी चूक त्याहून सहज होते. नावावरून मूल ख्रिस्ती दिसलं की आपण ते कॅथलिक धरतो. मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल अशा इतर ख्रिस्ती पंथांच्या घरची मुलं आपल्या वर्गात असतात. रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना) किंवा मरियेची भक्ती त्यांच्या घरी नसते. त्यांच्या आईवडिलांनाही वेगळं विचारा.

तिसरी चूक पोरांना कळते, आपल्याला कळत नाही. धर्मशिक्षणाच्या वेळी इतर मुलांना ग्रंथालयात ‘शांत बसा’ म्हणून पाठवलं जातं. आठवड्याला तीन तासिका, वर्षभर. आमच्याच वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “टीचर, आमचा तास कधी असतो?” त्या दिवसापासून मी या मुलांच्या, म्हणजे मूल्यशिक्षणाच्या गटाचं टाचण आधी लिहिते आणि धर्मशिक्षणाचं नंतर.

तपासून पाहा: दुसऱ्या गटाला कोण शिकवणार, कोणत्या खोलीत, कोणत्या साहित्याने? या तीनपैकी एकाचंही उत्तर ‘बघू’ असेल तर आखणी पूर्ण झालेली नाही.

## टप्पा ४: शुक्रवारी दुपारी साहित्य जमवा

सोमवारी सकाळी साहित्य शोधायला गेलात की ते सापडत नाही. यादी करा आणि पिशवी भरून कपाटात ठेवा. या आठवड्यासाठी आम्हाला लागलं ते: एक लिटरच्या ८ बाटल्या, ८ बादल्या किंवा पातेली, जुने टॉवेल, मुलांनी घरून आणायचे पेले, शब्दपट्ट्या, १०० मण्यांची माळ.

मण्यांच्या माळेबद्दल एक सांगते. दहा पांढरे, दहा लाल अशी ती असते आणि दशक-एककासाठी तिच्यासारखं साधन नाही. ती पहिल्यांदा हातात घेतल्यावर एक मुलगा म्हणाला, “टीचर, ही तर रोझरी आहे, फक्त लांब!” त्याचं म्हणणं छानच होतं आणि त्यावरून दहाच्या पटी त्याला चटकन उमगल्या. तरी घरची रोझरी गणिताला आणायला सांगू नका. ती प्रार्थनेची वस्तू आहे. बाकावर घासत, एकमेकांच्या हातातून ओढत ती वापरली गेली तर मुलाच्या आजीला जे वाटेल ते योग्यच असेल.

सावध: काचेचे पेले नकोत, ही सूचना पालकांना लिहून पाठवा. तोंडी सांगितलेली सूचना तिसरीतल्या मुलाबरोबर घरी पोहोचत नाही.

## टप्पा ५: सोमवार, परिपाठ आणि बाहेर पाहणं

परिपाठात उद्देशिका, एक सर्वांची प्रार्थना आणि आठवड्याचा एक प्रश्न. आमचा होता: ‘तुझ्या घरी पहिलं पाणी कोण भरतं?’ उत्तर लगेच घेऊ नका. मंगळवारी घ्या. मुलं घरी जाऊन पाहतात.

वर्गात कॅथलिक मुलं क्रुसाची खूण करून आपली प्रार्थना म्हणतील तेव्हा बाकीच्यांनी हात जोडलेच पाहिजेत असं नाही. शांत राहणं पुरे.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती अजूनही होताना दिसते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, प्रार्थनेत बोलला म्हणून एका मुलाला मी ‘नमो मरिया’ ही रोझरीतली प्रार्थना वीस वेळा लिहायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, रात्री तो रोझरीला बसला नाही. म्हणाला, ती शिक्षा आहे.” प्रार्थना शिक्षा म्हणून देऊ नका, वर्ग गप्प करायलाही वापरू नका आणि उरलेली पाच मिनिटं भरायलाही नाही.

पहिल्या परिसर अभ्यासाच्या तासिकेला मुलांना बाहेर न्या. शाळेजवळ बावखल असेल तर तेच. नसेल तर विहीर, तीही नसेल तर शाळेची टाकी. जायच्या आधी तीन प्रश्न फळ्यावर लिहून घ्या: पाणी कुठून आलं? कोण वापरतं? पाणी मे महिन्यात कुठवर असतं? प्रश्नांशिवाय नेलेली मुलं फक्त बेडूक पाहून परत येतात. बेडूक पाहू द्याच, पण प्रश्न हातात असू द्या.

सावध: काठावर एका वेळी दहाच मुलं, बरोबर दोन मोठी माणसं. सप्टेंबरात बावखलाचा काठ निसरडा असतो आणि पाणी काठोकाठ. मुख्याध्यापिकेची लेखी परवानगी आदल्या दिवशीच घेतलेली हवी.

## टप्पा ६: मंगळवार आणि बुधवार, आठवड्यातला अवघड भाग

सगळ्यात कठीण संकल्पना मंगळवारी ठेवा. सोमवारी मुलं सुट्टीतून आलेली असतात. गुरुवारनंतर सराव आणि कार्यक्रम लागतात. मंगळवार-बुधवार हेच दोन दिवस सलग मिळतात. आमच्यासाठी अवघड होतं ते लिटर-मिलिलिटर.

नेहमीची चूक अशी: शिक्षिका टेबलावर बाटली ठेवते, पाणी ओतून दाखवते, ४० मुलं बघतात आणि फळ्यावर ‘१ लिटर = १००० मिलिलिटर’ लिहून घेतात. पाठ होतं. पण ‘पाव लिटर दूध म्हणजे किती मिलिलिटर’ विचारलं की वर्ग गप्प.

त्याऐवजी हा क्रम घ्या. दोन सलग तासिका लागतील.

1. पाच-पाच मुलांचे आठ गट. प्रत्येक गटाला बादली, रिकामी बाटली आणि घरून आणलेले पेले.
2. आधी अंदाज. ‘बाटली भरायला किती पेले लागतील?’ प्रत्येक मुलाने आपला आकडा वहीत लिहायचा. अंदाज खोडायचा नाही.
3. मग भरायचं आणि मोजायचं. एक ओततो, एक मोजतो, एक लिहितो.
4. आठही गटांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा.

इथे थांबा. कुणाचे चार पेले लागलेले असतात, कुणाचे पाच, कुणाचे सात. मुलं एकमेकांना ‘तू चुकलास’ म्हणू लागतात. तुम्ही काही सांगू नका. दोन-तीन मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, “पण आमचा पेला छोटा आहे.” सगळ्यांसाठी एकच माप का लागतं, हे त्या वाक्यात आलं. आता मिलिलिटर सांगा. २०० मिलिलिटरचा पेला दाखवा आणि पाच वेळा ओतून लिटर भरा. बुधवारी अर्धा लिटर, पाव लिटर आणि दूधवाल्याची मापं.

तपासून पाहा: बुधवारच्या शेवटी तीन तोंडी प्रश्न विचारा आणि हात वर न करणाऱ्या मुलांना विचारा. वर्गाचा अंदाज त्यांच्याकडूनच येतो.

मराठीचं वर्णनलेखन बुधवारी. फळ्यावर निबंध लिहून देऊ नका. ४० वह्यांत एकच विहीर आणि त्याच आठ ओळी, असं होऊन बसतं. आधी तोंडी सांगू द्या. घरी कुणी सामवेदी बोलतं, कुणी वाडवळी, कुणी हिंदी किंवा गुजराती. मुलाने घरचा शब्द वापरला तर तो खोडू नका. फळ्यावर लिहा, शेजारी पाठ्यपुस्तकातला शब्द लिहा, आणि दोन्ही त्याला वहीत घेऊ द्या. ज्याच्या घरचा शब्द फळ्यावर आला ते मूल त्या दिवशी दोन ओळी जास्त लिहितं.

## टप्पा ७: गुरुवारी धर्मशिक्षणाची तासिका

तयारी न करता घेतली जाणारी तासिका म्हणजे हीच. ‘गोष्ट तर मला पाठ आहे’ म्हणून आपण जातो, गोष्ट आठ मिनिटांत संपते, आणि उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं उतरवून घेतली जातात. गणिताला देता तेवढीच तयारी इथेही द्या.

आधी धर्मग्रामातल्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात सध्या काय चालू आहे ते विचारून घ्या. पहिल्या ख्रिस्तशरीर संस्काराची (मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची) तयारी करणारी मुलं तुमच्या वर्गात असतील तर तोच पाठ त्यांना दोनदा होतो आणि दोन्हीकडे ती कंटाळतात.

तासिकेचा क्रम:

पहिली ५ मिनिटं. बाक बाजूला, मुलं जमिनीवर गोल. एक रांजण किंवा मडकं मध्ये ठेवा, रिकामं.

पुढची १०. गोष्ट पुस्तकातून वाचू नका, मुलांकडे बघत सांगा. लग्नघर उभं करा. आपल्याकडच्या मांडवातली गर्दी मुलांना ठाऊक आहे, ती वापरा. पाहुणे आहेत, वाढप चालू आहे, आणि आत काहीतरी संपलं आहे. हे कुणाच्या लक्षात आलं? मरियेच्या. ती आरडाओरडा करत नाही, यजमानाला लाजवत नाही. येशूला एवढंच सांगते, “त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही.”

पुढची १०. प्रश्न. ‘या गोष्टीतून काय शिकलो?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला मुलं पाठ उत्तर देतात: ‘देवावर विश्वास ठेवावा.’ विचारा: रांजण कुणी भरले? काठोकाठ भरायला किती खेपा झाल्या असतील? भरताना त्या नोकरांना काय वाटलं असेल? मंगळवारी स्वतः बाटल्या भरलेली मुलं या प्रश्नाला खरं उत्तर देतात. एक मुलगी म्हणाली, “हात दुखले असतील आणि कळलंही नसेल का भरतोय.” यावर मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

पुढची ५. मडक्यात प्रत्येकाने एक पेला पाणी ओतायचं. ओतताना मनात, घरात कुणाला काय कमी पडतंय त्या माणसासाठी प्रार्थना. मोठ्याने सांगायची सक्ती नाही. काही घरांतली अडचण सांगण्यासारखी नसते.

शेवटची ५. दुसरा गट परत येतो.

मूल्यशिक्षणाच्या गटाने त्याच वेळात परिपाठातल्या प्रश्नावर काम केलेलं असतं: घरी पहिलं पाणी कोण भरतं, ते किती वाजता उठतात, आपण त्यातलं काय करू शकतो. धर्माचा पाठ नाव बदलून तिथे शिकवायचा नाही. एकत्र आल्यावर दोन्ही गट एकमेकांना एकेक गोष्ट सांगतात, आणि मडक्यातलं पाणी सगळे मिळून शाळेच्या झाडांना घालतात.

सावध: गोष्ट सुरू करण्याआधीच बोध सांगू नका. आणि मुलाच्या श्रद्धेला गुण देऊ नका. सहभाग, ऐकणं, प्रश्न विचारणं यांची नोंद घ्या, प्रार्थनेची नको.

## टप्पा ८: शुक्रवार, मिस्सा आणि लहानशी तपासणी

मिस्सेला जाणाऱ्या मुलांनी आधी पाणी पिऊन, लघवीला जाऊन यावं. लिहायला साधं वाटतं, पण मधूनच उठणारी मुलं बहुतेक याच कारणाने उठतात. वाचन करणाऱ्या मुलाला तो उतारा सोमवारीच द्या. शुक्रवारी सकाळी दिलेला उतारा मूल घाबरत वाचतं आणि मग वर्षभर पुढे येत नाही.

मागे राहणाऱ्या मुलांना या दोन तासिकांत वाचन किंवा मोजमापाचे खेळ द्या. नवीन पाठ घेऊ नका, नाहीतर सोमवारी अर्ध्या वर्गाला तो पुन्हा शिकवावा लागतो.

दुपारी पाच प्रश्नांची तपासणी: दोन लेखी, दोन तोंडी, एक करून दाखवायचा. शिक्षक दिनाचा कार्यक्रम लांबला तर लेखी दोन सोडा. करून दाखवायचा प्रश्न सोडू नका.

## टप्पा ९: शनिवारी नोंदी, त्याच दिवशी

सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी महिनाअखेरीला बसून लिहिल्या की सगळ्या मुलांसमोर ‘प्रगती समाधानकारक’ येतं. शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं बसा आणि फक्त आठ मुलांच्या नोंदी लिहा. पाच आठवड्यांत ४० होतात. नोंदीत पाहिलेलं लिहा: ‘पाव लिटर म्हणजे २५० मिलिलिटर हे स्वतः ओतून दाखवले, लिहिताना शून्य विसरतो.’

तपासणीत मागे पडलेली मुलं बहुतेक तीन-चार असतात. त्यांची नावं आणि नेमकं काय अडलं, हे पुढच्या आठवड्याच्या पानावर सगळ्यात वर लिहा, पाठाच्या नावाआधी. सोमवारी पहिल्या तासिकेआधी दहा मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा. बाटल्या आणि पेले तोवर कपाटात परत नेऊ नका.